बारा डिसेंबरची यादी

दया पाटोळे भिंगारला राहते. सकाळी नगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि दुपारनंतर लोकांना लहानसहान सॉफ्टवेअर करून देते. कुणाच्या शाळेचे दाखले, कुणाच्या वाचनालयाची देवघेव. डेस्कटॉपवरच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की उघडणारं, इंटरनेट गेलं तरी न अडणारं, असं काम तिला चांगलं जमतं. सोनईजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याला तिनं तीन वर्षांपूर्वी असंच एक सॉफ्टवेअर करून दिलं होतं. कुत्रं चावलेल्या लोकांच्या इंजेक्शनांच्या तारखा सांभाळायचं.

काम साधं होतं. माणूस आला की त्याचं नाव, गाव आणि फोन नंबर भरायचा. पहिल्या इंजेक्शनपासून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढची इंजेक्शनं. त्या तारखा सॉफ्टवेअर आपोआप काढायचं. रोज सकाळी राजेश्वरी सिस्टर कॉम्प्युटर सुरू करायच्या, 'आजची यादी' हे बटण दाबायच्या आणि यादीतल्या एकेकाला फोन लावायच्या. कार्डावर तारखा लिहून दिलेल्या असत, पण अर्ध्या लोकांची कार्डं हरवत आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना ती वाचता येत नसत. फोन गेला की माणूस येई.

एक डिसेंबरला दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला. जुना फार हळू चालायचा. दयानं क्लासमधून फोनवरच सांगितलं, कुठला फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि नव्यावर कुठं ठेवायचा. सॉफ्टवेअर उघडलं, जुनी नावं दिसली, सिस्टर म्हणाल्या, "चालू झालं बघा." दयानं फोन ठेवला.

पाच तारखेला सिस्टरांचा पुन्हा फोन आला.

"दयाताई, यादी लई बारीक येतीय हो. रोज चार-पाच नावं असायची, आता एखाददुसरंच."

दयाचा तास सुरू व्हायचा होता. तिनं लॅपटॉपवर आपल्याकडची प्रत उघडली, बटण दाबलं. सगळं ठीक दिसलं.

"माझ्याकडं तर बरोबर चालतंय, सिस्टर. थंडीत केसेस कमी झाल्या असतील."

"असंल बाई," सिस्टर म्हणाल्या.

पुढचे दोन आठवडे दयाला या बोलण्याची आठवणही झाली नाही. नाताळ जवळ आला होता. घरी दारावर टांगायच्या चांदणीला नवा कागद लावायचा होता, चर्चमधल्या मुलांचं नाटुकलं बसवायचं होतं.

एकोणीस तारखेला, शुक्रवारी, एक निवृत्त शिक्षक कार्ड हातात घेऊन दवाखान्यात आले. त्यांचं शेवटचं इंजेक्शन अठराला होतं. ते म्हणाले, "आधी फोन यायचा. चारला आला नाही, तेव्हा लक्षात होतं म्हणून आलो. कालही आला नाही, म्हणून सहज कार्ड काढून बघितलं." सिस्टरांनी अठराची यादी पुन्हा काढून बघितली. त्यात गुरुजींचं नाव नव्हतं. गुरुजींचं पान उघडलं तर तिथं मात्र तारीख व्यवस्थित होती. मग सिस्टरांनी एकामागून एक जुनी पानं उघडायला सुरुवात केली आणि चौथ्या पानानंतर दयाला फोन लावला. या वेळी त्या यादीबद्दल काही बोलल्या नाहीत. "आत्ताच्या आत्ता निघता येईल का?" एवढंच म्हणाल्या.

दया स्कूटीवर निघाली. घोडेगाव मागं टाकून दवाखान्यात पोचायला तिला सव्वा तास लागला. बाह्यरुग्ण विभागाची वेळ संपत आली होती. सिस्टरांनी स्वतःची खुर्ची तिला दिली आणि आपण भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

दयानं आधी वाटलं ते सगळं तपासलं. फाइल पुरी आली आहे का? आली होती. नावं गळली आहेत का? नव्हती. आज सकाळी भरलेल्या माणसाची पुढची तारीख यादीत येते का? येत होती. नवी माणसं दिसत होती, जुनी दिसत नव्हती, आणि का ते तिला कळत नव्हतं. अर्धा तास गेला.

"एक सांगू का," सिस्टर म्हणाल्या. "बारा तारखेला यादी लांब आली हुती. सहा नावं. मला वाटलं, झालं नीट. तेराला परत एकच."

दयाचे हात कीबोर्डवर थांबले.

बारा डिसेंबर. बारावा दिवस, बारावा महिना. उलटी वाचा नाही तर सुलटी, ही तारीख तीच राहते.

तिनं कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. नव्या मशिनवर विंडोज अमेरिकेच्या पद्धतीचं होतं. तिथं आधी महिना लिहितात, मग दिवस. जुन्या मशिनवर आपल्या पद्धतीनं आधी दिवस होता. आणि दयानं तीन वर्षांपूर्वी तारखा तारीख म्हणून ठेवल्याच नव्हत्या, साध्या अक्षरांत ठेवल्या होत्या. वाचताना त्यांचं काय करायचं ते तिनं विंडोजवर सोडलं होतं. त्यामुळं जुन्या मशिनवर लिहिलेली चार डिसेंबर नव्या मशिननं बारा एप्रिल म्हणून वाचली. बाराच्या पुढच्या तारखांचं तर काहीच होईना, कारण तेरावा महिना नसतो. खरं म्हणजे तिथं सॉफ्टवेअर अडायला हवं होतं, पडद्यावर लाल खूण यायला हवी होती. दयानं कोडमधली ती जागा उघडली. चूक आली तर काय करायचं, ते लिहायची तिथं सोय असते. तिनं ती सोय केली होती आणि आतली जागा मोकळी ठेवली होती. चूक आली की काही न बोलता पुढं जा. त्या वेळी कामाची घाई होती, नंतर भरू असं म्हणून तिनं ते तसंच सोडलं होतं. क्लासमधल्या मुलांना ती हेच करू नका म्हणून सांगते.

"सापडलं का?" सिस्टरांनी विचारलं.

"सापडलं."

"मग?"

"माझी चूक आहे, सिस्टर. एक तारखेच्या आधी आलेल्या कुणाचीच नावं यादीत आलेली नाहीत. फक्त बारा तारखेची आली."

सिस्टरांनी टेबलावरचा कोरा कागद आणि पेन उचललं आणि म्हणाल्या, "नावं सांगा."

सेटिंग नुसती बदलून भागणार नव्हतं. तसं केलं असतं तर एक तारखेनंतरची माणसं उलटी झाली असती. दयानं केसच्या क्रमांकावरून जुनी आणि नवी वेगळी केली, जुन्या तारखा एका पद्धतीनं वाचल्या आणि नव्या दुसऱ्या पद्धतीनं, आणि दोन्ही एकाच साच्यात घातल्या. वीस मिनिटांचं काम. यादी आली. सत्तावीस जणांना फोन गेला नव्हता. त्यांतले दहा जण कार्ड बघून आपले आपण येऊन गेले होते. सतरा उरले.

डॉक्टर आत आले. पासष्टीचे, कमी बोलणारे. त्यांनी यादी उभ्या उभ्याच वाचली.

"लगेच बोलवा सगळ्यांना. उशीर झाला असला तरी पुढची इंजेक्शनं देता येतात. फोनवर कुणाला घाबरवू नका."

"आणि कुणी आलंच नाही तर?" दयानं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "कुत्रं पिसाळलेलं नसेल तर काहीच होणार नाही. असेल तर सांगता येत नाही. आठवड्यांत होतं, महिन्यांनी होतं. एकदा लक्षणं दिसली की माझ्याकडं काहीही नाही. कुणाकडंच नाही."

दुपारभर दोघी फोन लावत बसल्या. कुणी शेतातून उचलला, कुणी दुकानातून. एक जण रागावला, एक बाई हसली आणि म्हणाली, कुत्रं अजून दारातच बसलंय, काय झालं न्हाई. साडेपाचपर्यंत सोळा जणांशी बोलणं झालं. सहा जण त्याच दुपारी येऊन गेले, बाकीच्यांनी उद्याचं कबूल केलं.

सतरावं नाव राहीबाईचं होतं. वय चाळीस, ऊसतोडीला आलेली, पाथर्डी तालुक्यातली. सत्तावीस नोव्हेंबरला कोपीजवळ भाकरी करताना कुत्र्यानं तिच्या उजव्या हाताला धरलं होतं. पहिलं इंजेक्शन झालं होतं, तीस तारखेचं दुसरंही झालं होतं. चार आणि अकरा डिसेंबरची राहिली होती.

"हिला मी वळखते," सिस्टर म्हणाल्या. "दोन बोटांच्या मधोमध फाटलं हुतं. त्या दिवशी जखमेत द्यायचं सिरम आपल्याकडं संपलं हुतं. नगरला जा म्हणून चिठ्ठी दिली. ती गेली का न्हाई, कुनाला ठावं."

फोन नंबर तिचा नव्हता, टोळीच्या मुकादमाचा होता. बिभीषण मुकादम. नंबर बंद होता. सहा वाजेपर्यंत दयानं तो चौदा वेळा लावला.

दुसऱ्या दिवशी शनिवारी तिनं क्लासला सुट्टी टाकली. दवाखान्यातले जुने शिपाई गोरक्षनाथमामा तिच्याबरोबर यायला निघाले. त्यांना त्या भागातल्या टोळ्या कुठं उतरतात ते माहीत होतं. ओढ्याकाठच्या ज्या रानात राहीबाईची टोळी होती तिथं आता नुसतं पाचट पडलं होतं. कोप्या उठल्या होत्या. चुलीचे दगड तेवढे जागोजाग राहिले होते.

"फड संपला की हालत्यात ही लोकं," मामा म्हणाले. "आपन कारखान्यावर जाऊ. गाडी खाली करायला मुकादम येतोच."

कारखान्याच्या वजनकाट्यापाशी उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. दोन तास विचारत फिरल्यावर बिभीषण सापडला. एका ट्रॉलीच्या सावलीत बसून तो डबा खात होता. पन्नाशीचा, डोक्याला पांढरा रुमाल. दया समोर उभी राहिली तसा तो घास तसाच ठेवून उठला.

"बसा, जेवा तुम्ही," दया म्हणाली. "राहीबाई तुमच्या टोळीत होती ना? कुत्रं चावलेली?"

"हुती. आता न्हाई."

"कुठं गेली?"

"धा-बारा दिस झाले. तिचा आन् नवऱ्याचा आमच्या एकाशी वाद झाला. रातीत सामान बांधलं. गावाला गेले म्हनत्यात, कुनी म्हनतं दुसऱ्या मुकादमासंगं कर्नाटकात गेले."

"तुमचा फोन बंद आहे."

"पान्यात पडला. चार तारखेच्या आदीच."

दयानं त्याला इंजेक्शनांचं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"मला तर ती म्हनली हुती," तो म्हणाला, "मुकादम, दवाखान्याचा फोन आला का? मी म्हनलो न्हाई आला. परत एकदा इचारलं तिनं. मी म्हनलो, गरज असती तर त्यांनी दुसरीकडून निरोप धाडला असता. झालं आसंल पुरं." त्यानं डब्याकडं बघितलं. "फोनच बंद हुता, तर कसा येनार म्हना."

"फोन चालू असता तरी आला नसता," दया म्हणाली. "आम्ही केलाच नाही."

मुकादमाला ते कळलं नाही. गोरक्षनाथमामा दुसरीकडं बघत राहिले.

परत येताना मामा मागं बसून एकदाच बोलले. "तुमी मुद्दाम तर न्हाई ना केलं, ताई."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, योहानला, सगळं सांगितलं. पाच तारखेचा फोनही सांगितला. योहान शाळेत शिक्षक आहे. तो म्हणाला, "उद्या पाथर्डीला जाऊ. मी चालवतो गाडी."

"उद्या रविवार आहे. मुलांच्या नाटकाची तालीम आहे."

"पास्टरांना मी सांगतो."

रविवारी सकाळी ते मोटारसायकलवर निघाले. करंजीचा घाट चढून पुढं पाथर्डी, आणि तिथून आत बावीस किलोमीटरवर एक वस्ती. दवाखान्याच्या नोंदीत गावाचं नाव होतं, वस्तीचं नव्हतं. तीन ठिकाणी विचारावं लागलं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, बहुतेक घरांना कुलपं. मागं राहिले होते ते म्हातारे आणि शाळेत जाणारी पोरं. एका पत्र्याच्या घरापुढं एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. ती छबूबाई, राहीबाईची सासू.

"न्हाई आली हिकडं," ती म्हणाली. "कुनी सांगितलं तुमाला आली म्हनून?"

"फोन असतो का तुम्हाला त्यांचा?"

"येतो कंदी कंदी. शेजारच्याच्या फोनवर. मागल्या आठवड्यात आल्ता. लांब हाय म्हनला पोरगा. गावाचं नाव सांगितलं, मला न्हाई आठवत."

"राहीबाई कशी आहे म्हणाला?"

"ते कशाला सांगंल तो?" छबूबाईनं शेंगा बाजूला सारल्या. "काय झालं तिला?"

दया तिच्यासमोर जमिनीवर बसली. घाबरवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. इंजेक्शनं अपुरी राहिलीत, ती पुरी करायची, कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळतात, फुकट मिळतात, एवढं तिनं सांगितलं. दोनदा सांगितलं. योहाननं एका कागदावर मोठ्या अक्षरात दयाचा नंबर आणि हेच सगळं लिहिलं. शेजारच्या घरात एक शाळकरी मुलगी होती, तिच्याकडून कागद वाचून घेतला. मुलीनं न अडखळता वाचला. तिच्या घरच्या फोनमध्ये मागच्या आठवड्यातल्या फोनचा नंबर राहिला नव्हता, पण दयानं त्या घरचा नंबर लिहून घेतला.

छबूबाईनं कागदाची घडी करून ती चोळीत ठेवली. "चुकी कुनाची?" तिनं विचारलं.

"माझी," दया म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. तिला ते खरं वाटलं की नाही हे दयाला कळलं नाही. "च्या घ्या," ती म्हणाली. "लांबून आलाय."

सोमवारी दयानं पोलीस चौकीत विचारलं. तिथल्या हवालदारानं बोलणं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ही हरवलेली व्यक्ती धरता येत नाही, नवऱ्याबरोबर कामाला गेली आहे. ते खरंच होतं. डॉक्टरांनी ओळखीच्या दोन डॉक्टरांना फोन केले, एक सांगलीकडं, एक बेळगावकडं. त्यांनीही नाव लिहून घेतलं. सिस्टर रोज सकाळी आता दोन याद्या काढत, एक कॉम्प्युटरवर आणि एक हातानं वहीत, आणि दोन्ही जुळवून बघत. दयानं सांगितलं नव्हतं, त्यांनीच सुरू केलं होतं. तिला ते लागलं, पण सिस्टरांचं काही चुकत होतं असं तिला म्हणता आलं नाही.

नाताळच्या दिवशी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या आवारात लोक एकमेकांना केक देत होते, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"तुमी आमच्या घरी गेल्ता का?" पुरुषाचा आवाज. मागं ट्रॅक्टर चालू होता.

दया गर्दीतून बाहेर भिंतीपाशी गेली. "हो. तुम्ही राहीबाईचे मालक का? ती कशी आहे?"

"बरी हाय की. तोडतीय ऊस. आई म्हनली, दवाखान्याची बाई आल्ती. काय झालंय?"

"हात कसा आहे तिचा? ताप? पाणी पिताना काही त्रास?"

"हात भरला. ताप न्हाई." तो जरा थांबला. "आवं, चार आठवडे झाले. आता कशाला सुई?"

"लागतेच. भाऊ, माझं ऐका. आज, नाही तर उद्या तिला सरकारी दवाखान्यात न्या. कुत्रं चावलं होतं, दोन इंजेक्शनं झालीत, पुढची राहिलीत, एवढं सांगा. पैसे लागत नाहीत. तुम्ही कुठं आहात? गावाचं नाव सांगा, मी तिथल्या दवाखान्याला फोन करते."

"हितनं दवाखाना धा-बारा किलोमीटर हाय. खाडा केला तर मुकादम बोलतो."

"मुकादमाशी मी बोलते. द्या त्याला फोन."

"तो न्हाई हितं. फोन दुकानदाराचा हाय." बाजूला कुणीतरी त्याला हाक मारली. "तुमचा फोन आला न्हाई तवा तिला मीच म्हनलो, झालं आसंल. न्हाईतर तिनं लई डोकं खाल्लं हुतं माजं, चला चला म्हनून."

"ती बरोबर म्हणत होती," दया म्हणाली.

"बघू," तो म्हणाला. "रविवारी नेतो जमलं तर."

"रविवार नको, उद्या. गावाचं नाव तरी सांगा..."

फोन बंद झाला होता. तिनं लगेच परत लावला. वाजून वाजून थांबला. योहान केकची बशी घेऊन येत होता, तिचा चेहरा बघून त्यानं ती जवळच्या कट्ट्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दयानं तो नंबर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी लावला. कुणी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी लागला. दुकानदार होता. बोलणं कोल्हापूरकडचं वाटत होतं.

"व्हय, आलं होतं एक माणूस फोन करायला. कोण, कुठलं, ते मला कसं ठाऊक असणार?"

दयानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं गावाचं नाव सांगितलं, आणि तिथला दवाखाना कुठला तेही. दयानं दवाखान्याला फोन केला. तिथल्या बाईंनी रजिस्टर बघितलं, राहीबाई नावाची कुणी आली नव्हती. आली तर कळवू म्हणाल्या.

रविवार गेला. सोमवारी दयानं पुन्हा दवाखान्याला विचारलं. आली नव्हती. तिनं दुकानदाराला फोन लावला आणि एकदा फडावर जाऊन बघता का म्हणून विनंती केली. माणूस चांगला होता. संध्याकाळी त्यानं आपण होऊन फोन केला.

"जाऊन आलो मी. तिथला फड संपलाय. दोन टोळ्या काल हलल्या."

"कुठं हलल्या?"

"एक वरच्या अंगाला गेली, एक नदीपलीकडं. नाव काय म्हणालात बाईचं?"

"राहीबाई."

"राहीबाई," तो म्हणाला. लिहून घेत असावा. "हातावर खूण आहे म्हणता. सगळ्यांच्याच हातावर असते की ओ ताई काही ना काही. बघतो. कुणी दिसलं तर सांगतो."

दयानं त्याचे आभार मानले. मग तिनं छबूबाईच्या शेजारच्या घरी फोन केला आणि मुलगा पुन्हा कधी बोलला तर काय सांगायचं ते त्या शाळकरी मुलीला सावकाश, एकेक शब्द करून सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं.